टॉवेलची चौकट आणि घुमणारी खोली: सोलापुरात घरच्या घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी

मे महिना, रात्रीचा दीड वाजलेला. शेजारच्या खोलीतून धप्प असा आवाज आला. मांजर असेल म्हणून कूस बदलली. दहा मिनिटांनी परत धप्प. उठून दिवा लावला, तर माझ्या ‘स्टुडिओ’च्या भिंतीवरचे फोमचे चौकोन एकेक करून गळत होते. पश्चिमेची भिंत, दिवसभर ऊन खाल्लेली. दोन्हीकडून चिकटणाऱ्या टेपचा डिंक पार मऊ झाला होता. सकाळपर्यंत चोवीसपैकी अकरा खाली, आणि प्रत्येकाबरोबर रंगाचा एक पोपडा.

खरं दुखणं पुढेच होतं. चोवीस चौकोन भिंतीवर असतानाचं रेकॉर्डिंग आणि तेराच उरल्यावरचं रेकॉर्डिंग मी पाठोपाठ लावून ऐकलं. मला फरक सांगता येईना. म्हणजे मी पैसे टाकले होते ते भिंतीच्या सजावटीवर.

त्यानंतर वर्षभरात तीच खोली मी टॉवेल, लाकडी रिपा, मांजरपाट आणि दोन जुन्या गाद्या एवढ्यावर सुधारली. फोमवर जितके गेले होते, साधारण तितकेच पैसे लागले. घरी कथावाचन, व्हिडिओसाठी निवेदन, हार्मोनियम-तबल्यावर भजन, असं काही रेकॉर्ड करायला नुकतेच बसला असाल तर हा लेख तुमच्यासाठी. माइक आणि इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी) कुठला घ्यावा हे इथे सापडणार नाही. साध्या माइकने चांगल्या खोलीत केलेलं काम, महागड्या माइकने घुमणाऱ्या खोलीत केलेल्या कामापेक्षा कानाला बरं लागतं, एवढं सांगून तो विषय सोडतो.

आधी एक गोंधळ मिटवू

खोलीत आवाज घुमणं हे एक दुखणं. बाहेरचा आवाज आत येणं हे दुसरं. दोन्हींवर औषध वेगळं आहे, आणि नव्वद टक्के नवखे एकाचं औषध दुसऱ्याला लावतात. मीही लावलं.

बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं आणि फट नसावी लागते. नऊ इंची विटांची भिंत ते काम बऱ्यापैकी करते; आवाज शिरतो तो दाराखालच्या बोटभर फटीतून आणि सरकत्या खिडकीच्या खाचेतून. तिथे कितीही जाड कापड टांगा, शेजारच्या यंत्रमागाची खटखट येतच राहणार. शहराच्या पूर्व भागात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. मागाचा आवाज कानांनी ऐकू येतोच, शिवाय जमिनीतून पायांना लागतो, आणि जमिनीतून येणाऱ्या आवाजाला घरगुती उपाय नाही. माइकच्या स्टँडखाली जाड रबराचा तुकडा किंवा दोन घड्यांची सतरंजी ठेवली तर थोडा उतार पडतो, इतकंच.

म्हणून या बाबतीत माझा सल्ला कंजूष आहे. दाराच्या चौकटीला चिकटवायची रबरी पट्टी आणा, दाराखाली ब्रशवाली किंवा रबराची पट्टी ठोका, खिडकीच्या फटी बुजवा आणि थांबा. बाकीचं काम घड्याळावर सोपवा. मागांच्या वीकली ऑफला, वीज गेल्यावर (लॅपटॉप बॅटरीवर चालतोच), किंवा पहाटे चार ते सहा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत आणि लग्नसराईत वराती निघतात त्या रात्रींना रेकॉर्डिंगची तारीख देऊच नका. खोलीत खोली बांधून बाहेरचा आवाज पूर्ण तोडता येतो, पण तो खर्च या लेखाच्या आवाक्यातला नाही.

यापुढे फक्त घुमण्याबद्दल बोलू.

पहिली पायरी: टाळी वाजवा, आणि तीस सेकंद गप्प बसा

खोलीच्या मध्यभागी उभं राहून एक कडक टाळी वाजवा. मग प्रत्येक कोपऱ्यात जाऊन वाजवा. टाळीच्या शेपटीला बारीक ‘टर्रर्र’ किंवा ‘टण्ण्’ असं काही लागतंय का बघा. दोन समोरासमोरच्या मोकळ्या भिंतींमध्ये आवाज चेंडूसारखा टप्पे खातो, त्याची ती खूण. दहा फुटांवरच्या भिंतींत तो सेकंदाला शंभराहून जास्त वेळा आपटतो, म्हणून कानाला वेगवेगळे टप्पे न ऐकू येता एक धातूसारखी झणझण ऐकू येते.

दुसरी चाचणी. तोंडाने ‘ऊ’ धरा, जमेल तितक्या खालच्या सुरापासून हळूहळू वर चढत जा. एखाद्या सुरावर खोली अचानक तुमच्याबरोबर गायला लागेल, आवाज फुगेल. तो सूर लक्षात ठेवा. त्याच्याशी आपल्याला नंतर भांडायचं आहे.

तिसरी चाचणी सगळ्यात महत्त्वाची आणि सगळेजण तीच टाळतात. नेहमीच्या जागी बसून, नेहमीच्या माइकवर, एकच परिच्छेद वाचून रेकॉर्ड करा. त्यानंतर तीस सेकंद काही न बोलता रेकॉर्डिंग चालू ठेवा. फाइलला तारीख देऊन जपून ठेवा. यापुढे खोलीत काहीही बदल केला की हाच परिच्छेद, याच जागेवरून, त्याच अंतरावरून. मी फोम लावण्याआधी हे केलं असतं तर चार चौकोन लावून थांबलो असतो. ऐकायला हेडफोन वापरा. स्पीकरवर ऐकलंत तर खोली दोनदा मिसळते, एकदा रेकॉर्ड होताना आणि एकदा ऐकताना.

दुसरी पायरी: फुकटात होणारं सगळं आधी

माइक जवळ घ्या. तोंडापासूनचं अंतर निम्मं केलं की तुमचा थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा घुमारा मात्र होता तेवढाच राहतो. दोन फुटांवरून सहा इंचांवर आलात तर १२ डेसिबलची कमाई, एकही रुपया न देता. फार जवळ गेलात तर एका दिशेने ऐकणारे माइक खर्ज फुगवतात आणि ‘प’, ‘फ’, ‘भ’ फटाक्यासारखे फुटतात; त्याला माइक जरा तिरका धरा आणि पुढे पॉप फिल्टर (फुंकर अडवणारी जाळी) लावा. वीतभर अंतर निवेदनाला ठीक.

मग स्वतः कुठे बसता ते बघा. खोलीच्या बरोबर मध्यावर नको, भिंतीला चिकटून नको, कोपऱ्यात तर नकोच. पाठीमागच्या भिंतीपासून लांबीच्या एक तृतीयांशाच्या जरासं पुढे, खोलीची उरलेली लांबी समोर राहील असं तोंड करून बसून बघा, मग फूटभर मागेपुढे सरका आणि तोच परिच्छेद वाचा.

खोली निवडायला मुभा असेल तर सामान असलेली निवडा. पलंग, कापसाची गादी, उघड्या कपाटातले कपडे, हे सगळं तुमच्या बाजूने काम करतं. अनेकजण ‘स्टुडिओ करायचाय’ म्हणून खोली आधी रिकामी करतात. खाली शहाबादी फरशी, वर स्लॅब, चहूबाजूंनी गिलावा, मध्ये एक टेबल. विहिरीत बसून बोलावं तसा आवाज. पलंग राहू द्या. फरशीवर सतरंजी किंवा जमखाना टाका.

आता ती चूक, जी मी जवळजवळ प्रत्येक फोटोत बघतो. माणूस भिंतीकडे तोंड करून बसलेला, समोर माइक, माइकच्या मागच्या भिंतीवर फोम. बहुतेक माइक समोरून ऐकतात आणि पाठीमागून जवळजवळ बहिरे असतात. माइकचं तोंड तुमच्याकडे आहे. म्हणजे त्याला काय दिसतंय? तुम्ही, आणि तुमच्या पाठीमागची भिंत. तुमचा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून मागे जातो, मागच्या भिंतीवरून परत येतो आणि थेट माइकच्या तोंडात शिरतो. एकच जागा झाकायची ऐपत असेल तर ती तुमच्या पाठीमागची झाका.

आणि त्यासाठी आपल्या गावात वस्तू शोधत फिरावं लागत नाही. घरोघरी दोन-चार सोलापुरी चादरी असतातच. दोन चादरी एकावर एक घ्या, पाठीमागे भिंतीपासून चार ते सहा इंच पुढे दोरी बांधून टांगा, आणि ताणून नव्हे तर चुण्या पाडून टांगा. पाच फुटांच्या रुंदीत आठ-नऊ फुटांचं कापड जिरलं पाहिजे. मग तोच परिच्छेद वाचा. मला स्वतःला पहिला खरा फरक इथे ऐकू आला, आणि खर्च झाला तो सुतळीचा.

कापड आवाज का खातं

आवाज म्हणजे हवेची ये-जा. कापसाच्या बारीक धाग्यांमधून हवेला वाट काढावी लागली की ती घासते आणि तिची ताकद उष्णतेत जिरते. म्हणून परीक्षा सोपी आहे: कापड तोंडाशी धरून फुंकर घाला. पलीकडे ठेवलेल्या हाताला जोर लावल्यावर थोडी हवा लागली तर माल कामाचा. अजिबातच लागली नाही, म्हणजे रेक्झिन, प्लास्टिक, रबर, तर आवाज त्यावरून परत फिरेल. फुंकर विनाअडथळा आरपार गेली, मच्छरदाणीसारखी, तर आवाजही तसाच आरपार जाईल.

दुसरी गोष्ट जाडीची. भिंतीला टेकल्यावर हवा हलू शकत नाही. ती सगळ्यात जोरात हलते भिंतीपासून त्या सुराच्या पाव तरंगलांबीवर. १००० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला हजार कंपनांच्या सुराची, तरंगलांबी साधारण ३४ सेंटिमीटर, तिचा पाव साडेआठ सेंटिमीटर. १०० हर्ट्झची साधारण ३.४ मीटर, पाव ८५ सेंटिमीटर. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर शंभर-सव्वाशेच्या आसपास असतो. माझा एक इंची फोम भिंतीला चिकटलेला होता. तो ‘स’ आणि ‘श’ची धार तेवढी खात होता आणि खालचा सगळा गडगडाट जसाच्या तसा सोडत होता. त्यामुळे आवाज मंदही झाला आणि घुमतही राहिला. दोन्हीकडून मार.

तेव्हा नियम असा: जाड घ्या, आणि भिंतीपासून सुटं ठेवा. दोन इंची माल दोन इंच पोकळी सोडून लावला की तो पोकळीशिवायच्या मालापेक्षा बराच खाली पोचतो, आणि पोकळीला पैसे पडत नाहीत.

अंड्याच्या ट्रेंचा विषय निघतोच म्हणून एका ओळीत संपवतो: पातळ पुठ्ठा आहे, खालचं काही खात नाही, धूळ आणि झुरळं धरतो, ठिणगी पडली तर भडकतो. रद्दीवाल्याला परत द्या.

गादी-उशांनी खोली सुधारण्यात कमीपणा वाटत असेल त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट. १८९५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात फॉग संग्रहालयाचं व्याख्यानगृह असं घुमत होतं की पुढ्यात बसलेल्यालाही बोललेलं कळेना. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. तो आणि त्याचे मदतनीस रात्री शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचे, ऑर्गनची नळी वाजवायची, आवाज विरायला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर मोजायचं, मग आणखी गाद्या, परत मोजायचं, आणि उजाडायच्या आत गाद्या जागेवर. सभागृहांच्या ध्वनिशास्त्राचं पहिलं सूत्र त्यातून निघालं, आणि १९०० साली उघडलेलं बोस्टनचं सिंफनी हॉल त्या हिशेबावर उभं राहिलं.

ते सूत्र आपल्यालाही कामाचं आहे. खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६१ ने गुणा, आणि खोलीत एकूण जितके चौरस मीटर ‘पूर्ण आवाज खाणारे’ आहेत त्याने भागा. उत्तर येतं आवाज विरायला लागणारे सेकंद. बारा बाय दहाची, नऊ फूट उंचीची खोली म्हणजे साधारण ३०.६ घनमीटर. गिलावा आणि फरशी मिळून जेमतेम दीड चौरस मीटर इतकाच आवाज खातात. कागदावर तीन सेकंदांच्या वर उत्तर येतं. पलंग, गादी, कपडे यांचे चारेक चौरस मीटर धरले आणि पुढे सांगतो तशा चार बाय दोन फुटांच्या सहा टॉवेलच्या चौकटी टांगल्या, म्हणजे आणखी साडेचार, तर तेच अर्ध्या सेकंदावर येतं. लहान खोलीत हे गणित तंतोतंत बसत नाही, पण किती चौकटी कराव्यात याचा अंदाज मिळतो. सहापासून सुरुवात करा.

तिसरी पायरी: टॉवेलची चौकट

सोलापूरचा टेरी टॉवेल हा या कामाला जणू मुद्दाम विणलेला आहे. दोन्ही बाजूंनी सुताचे उभे फासे, त्यांच्यात अडकलेली हवा, आणि फुंकर बरोबर पाहिजे तितकीच आरपार. शिवाय डाग पडलेला, कडा वाकडी गेलेली, रंग चुकलेला सेकंडचा माल इथे वजनावर मिळू शकतो. मी अक्कलकोट रोडच्या बाजूला एका गोदामात गेलो. पांढरे टॉवेल वेगळे काढायला लागलो, तर तिथले अण्णा म्हणाले, “कशाला पायजे ओ?” म्हटलं, भिंतीला लावायचेत, आवाजासाठी. “मग पांढरंच कशाला निवडताय? मिक्स घ्या की, आतच जाणार ते.” भाव कमी पडला. एकच बघून घ्या: माल कोरा असावा, ओल नसावी. एक पोतं मी ओलसर आणलं होतं, त्याचा कुबट वास आठवडाभर उन्हात घालूनही जाता जाईना.

चौकटीचं माप चार फूट बाय दोन फूट. चार इंच रुंद, पाऊण ते एक इंच जाडीच्या रिपा घ्या. पाइन असेल तर हलकी पडते. जुन्या पॅकिंगच्या पेट्यांचं लाकूडही चालतं, फक्त सुताराकडून रंधा मारून घ्या, नाहीतर कुसळं बोटात जातात. चार कोपऱ्यांना फेव्हिकॉल आणि प्रत्येकी दोन स्क्रू. आत आडवी एक पट्टी मध्यावर ठोका, ती पुढे उपयोगी पडते.

मागच्या बाजूने, भिंतीकडच्या कडेपासून दीड इंच आत, दोन्ही बाजूंना खिळे मारून सुतळीची जाळी विणा, खाटेची विणतात तशी, पण ढिली चालेल. ही जाळी टॉवेलांना भिंतीकडे सरकू देत नाही, म्हणजे दीड इंचाची पोकळी चौकटीतच तयार होते. आता चौकट आडवी ठेवून पुढून टॉवेल पसरा, थरावर थर, कडा एकमेकांवर चढवत. दाबून भरू नका. फासे चेपले की हवा गेली, हवा गेली की काम गेलं. माझ्या एका चौकटीत साडेचार किलोच्या आसपास माल बसतो, दहा-बारा थर.

इथे माझी पहिली चौकट फसली. टॉवेल नुसते भरून, वर कापड ठोकून मी ती भिंतीला उभी टांगली. महिन्याभरात सगळा माल खाली सरकला. वरचा फूटभर भाग रिकामा आणि खाली चौकटीला पोट सुटलेलं. दुरुस्ती गादीवाल्याला बघून सुचली. गादीत कापूस सरकू नये म्हणून तो दाभणाने आरपार टाके मारतो. तसेच टाके इथे: दाभणात सुतळी ओवून सगळ्या थरांतून आरपार, मागच्या जाळीला अडकवून परत, सैल गाठ. नऊ-दहा इंचांवर एक टाका. वरच्या थराची कड त्या मधल्या आडव्या पट्टीवरून दुमडून घेतली की वजन दोन भागांत विभागतं. त्यानंतर एकही चौकट खाली आलेली नाही.

वरून मांजरपाट किंवा पातळ खादी. फुंकर आरपार गेली पाहिजे. ताणून, मागच्या बाजूला स्टेपलर गनने ठोका, आधी चार बाजूंचे मध्य, मग कोपरे. गोणपाट दिसायला छान असतं पण त्याचा भुसा वर्षभर पडत राहतो. चौकटीचं वजन लाकडासकट आठ किलोच्या घरात जातं, तेव्हा नुसत्या खिळ्यावर टांगू नका. ड्रिल मारून रावळप्लग आणि स्क्रू. भाड्याची खोली असेल आणि घरमालक भिंतीला हात लावू देत नसेल, तर चौकटीला खाली आडवे पाय ठोका आणि जमिनीवर उभी करा. उलट ती बरी, सोयीने हलवता येते.

कोणी म्हणेल रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) का नाही? बरोबर आहे, रॉकवूल उत्तम. ४८ किलो प्रति घनमीटर घनतेची दोन इंची पाटी मिळते, दोन पाट्या एकावर एक ठेवल्या की चार इंच झाले, आणि ती पेट घेत नाही. कापूस पेट घेतो. म्हणून माझ्या चौकटींजवळ एक्स्टेन्शन बोर्ड, अगरबत्ती, गरम होणारा दिवा यांतलं काही नसतं, आणि तुमच्याही नसावं. पण रॉकवूल कापताना तोंडाला मास्क, हातात मोजे, अंगभर कपडे लागतात, खाज दोन दिवस जात नाही, आणि झोपायच्या खोलीत ते चहूबाजूंनी कापडात नीट बंद करावं लागतं. घरात लहान मूल, खोली एकच, आणि टॉवेल हाताशी, म्हणून मी टॉवेल निवडले. तुमच्याकडे वेगळी खोली असेल तर रॉकवूलच घ्या.

चौथी पायरी: चौकटी कुठे

निवेदन आणि गाणं रेकॉर्ड करणाऱ्यांनी पहिल्या दोन पाठीमागे लावाव्यात, चादरींच्या जागी किंवा चादरींच्या मागे. पुढच्या दोन डाव्या-उजव्या भिंतींवर, डोक्याच्या उंचीला. पाचवी डोक्यावर, स्लॅबपासून चार इंच खाली टांगलेली, चार हुकांवर; वजन डोक्यावर असणार आहे, तेव्हा हे काम मिस्त्रीकडूनच करून घ्या. सहावी हातात ठेवा आणि टाळी वाजवत फिरा. जिथे ‘टर्रर्र’ उरलंय तिथे तिची जागा. समोरासमोरच्या दोन्ही भिंती झाकायची गरज नसते, एक झाकली तरी चेंडूचा टप्पा तुटतो.

मिक्सिंगही (रेकॉर्ड केलेले आवाज एकमेकांशी जुळवणं) त्याच खोलीत, स्पीकरवर करत असाल तर आरशाची युक्ती वापरा. नेहमीच्या जागी बसा, कुणाला तरी भिंतीवरून आरसा सरकवत न्यायला सांगा. आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथून त्याचा आवाज भिंतीवर आपटून तुमच्या कानात येतो. तिथे चौकट.

खालचे सूर आणि चौरस खोलीचा शाप

‘ऊ’ धरताना ज्या सुरावर खोली गायला लागली, तो खोलीच्या मापातून येतो. आवाजाचा वेग, सेकंदाला साधारण ३४३ मीटर, भागिले भिंतींमधल्या अंतराची दुप्पट. दहा फुटांना ५६ हर्ट्झ, आणि त्याची दुप्पट ११२. बारा फुटांना ४७ आणि ९४. नऊ फूट उंचीला ६३ आणि १२५. माप वेगवेगळं असेल तर हे सूर विखुरतात. दहा बाय दहा बाय दहाच्या खोलीत तिन्ही मापांचे सूर एकाच जागी येऊन बसतात, आणि ११२ म्हणजे नेमका पुरुषाच्या बोलण्याचा पट्टा. अशी खोली असेल आणि दुसरी मिळत असेल, तर दुसरी घ्या. इतकं स्पष्ट सांगतो, कारण तिथे चौकटींवर घातलेला पैसा निम्मा वाया जातो.

खालच्या सुरांचा दाब कोपऱ्यांत साठतो आणि त्यांना जाडीच लागते. इथे जुन्या कापसाच्या गाद्या कामाला येतात. गुंडाळी करून, सुतळीने बांधून, दोन कोपऱ्यांत उभ्या करा, जमिनीपासून जितक्या वर नेता येतील तितक्या. कापूस घट्ट बसून दगड झालेला असेल तर पिंजून घ्या. माझ्या पाठीमागच्या दोन कोपऱ्यांत अशा दोन आहेत, वर चादरीचं वेष्टण. खालचा घुमार यांनी पूर्ण गेला असं नाही, पण ‘ब’ आणि ‘भ’ आता एकमेकांत मिसळत नाहीत. कथावाचनाला इतकं बास. उरलेलं ८० हर्ट्झच्या खाली कापणाऱ्या फिल्टरने काढा. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तो फुकट आहे. तबल्याचा बायाँ (डग्गा) रेकॉर्ड करणाऱ्यांनी मात्र हा फिल्टर जपून वापरावा आणि गाद्या दोनच्या चार कराव्यात.

पंखा

सोलापुरात उन्हाळ्यात पंखा बंद करून बसायचं म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या व्हिडिओंत कुणी सांगत नाही. फटी बुजवलेल्या, कापडाने मढवलेल्या खोलीत पंधरा मिनिटांत अंगातून धारा लागतात. मी दहा-बारा मिनिटांचे तुकडे पाडतो. आधी दार उघडं ठेवून कुलरने खोली गार करायची, मग सगळं बंद, एक तुकडा वाचायचा, परत दार उघडायचं. मानेवर ओला पंचा. कपडे सुती, कारण टेरीकॉटची सळसळ माइक टिपतो.

ती तीस सेकंदांची शांतता आठवते? ती आता मोठ्या आवाजात ऐका. लॅपटॉपचा पंखा, ट्यूबलाइटच्या चोकची गुणगुण, शेजारच्या खोलीतला फ्रिज. ५० किंवा १०० हर्ट्झची एकसुरी घूं ऐकू आली तर आधी चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. नाहीच गेली तर वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. फ्रिज बंद केलात तर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. रेकॉर्डिंग संपवून बाहेर निघताना किल्ली शोधाल तेव्हा फ्रिज आपोआप आठवेल. दूध नासण्याआधी ही युक्ती कळली असती तर घरात बोलणी कमी बसली असती.

थांबायचं कुठे

प्रत्येक दोन चौकटींनंतर तोच परिच्छेद वाचा आणि जुन्या फाइलशेजारी लावून ऐका. शब्दाचा शेवट स्वच्छ तुटतोय, वाक्याच्या मध्ये खोली बोलत नाही, एवढं झालं की निवेदनासाठी काम संपलं. हार्मोनियम आणि भजनाला थोडी जिवंत खोली हवी. सगळ्या भिंती झाकल्यात तर टाळ पत्र्याच्या चकतीसारखे वाजतात आणि गाणाऱ्याला स्वतःचा आवाज परत न मिळाल्याने तो विनाकारण ओरडतो. आमच्याकडे भजनी मंडळ आलं की मी दोन चौकटी उचलून बाहेरच्या खोलीत ठेवतो. पायांवर उभ्या केल्याचा हा फायदा.

धूळ बसतेच. दिवाळीच्या आवराआवरीत मांजरपाट काढून धुवा, टॉवेलांना गच्चीवर एक दिवस कडक ऊन दाखवा, आत कडुनिंबाचा वाळलेला पाला टाका. आणि नवीन मांजरपाट ठोकण्याआधी एकदा धुवून वाळवून घ्या. कोरं मांजरपाट आटतं. पहिल्या धुण्यात माझं चारही बाजूंनी इतकं आखडलं की चौकटीवर परत चढेना, आणि नऊ मीटर कापड पुन्हा आणावं लागलं.